काडाच्या पॅनेलची भिंत घराचा भार पेलते का?

इंग्लंडमधील जुन्या घराच्या आतल्या भिंतीला ड्रिलने भोक पाडताना विटेचा लाल चुरा किंवा प्लास्टरबोर्डची (जिप्समच्या तक्त्याची) पांढरी भुकटी न येता पिवळसर काड बाहेर आले, तर ती भिंत दाबलेल्या गव्हाच्या काडाच्या पॅनेलची आहे असे खुशाल समजावे. पूर्व इंग्लंडमध्ये आम्ही घेतलेल्या १९७० च्या दशकातील घरात खोल्यांमधल्या बहुतेक भिंती अशाच निघाल्या. या भिंतींमध्ये काही वर्षे राहिल्यावर आणि त्यांतील एक काढण्याचा प्रसंग आल्यावर या वस्तूविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण अशा घरात राहायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ही भिंत लोड बेअरिंग, म्हणजे घराचा भार पेलणारी, आहे का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. साधे काडाचे पॅनेल वरच्या मजल्याचा किंवा छपराचा भार घेण्यासाठी बनवलेले नसते आणि तो भार त्याच्यावर टाकूही नये. मात्र एवढ्यावरून ‘मग आमची भिंत पाडायला हरकत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. पहिले विधान पॅनेलविषयी आहे, दुसरे घराविषयी, आणि बहुतेक गफलती या दोहोंची गल्लत केल्याने होतात.

ही वस्तू तशी नवी नाही. गव्हाचे काड उष्णता आणि दाब देऊन तक्त्यासारखे घट्ट करण्याची पद्धत १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये निघाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, लाकूड आणि विटा या दोहोंची टंचाई असताना, ती ब्रिटनमध्ये व्यापारी पातळीवर आली. ‘स्ट्रामिट’ हे नाव तेव्हापासूनचे. सफोक परगण्यातील आय या गावाजवळ त्याचा कारखाना होता, आणि आजूबाजूला मैलोन्‌मैल गव्हाची शेती असल्याने कच्चा माल दाराशीच होता. ऑस्ट्रेलियात हेच तंत्र ‘ड्युरा पॅनेल’ या नावाने बेंडिगो येथे रुजले आणि तिथे भिंतींइतकाच छताखालच्या अस्तरासाठी त्याचा वापर झाला. या उत्पादनाचे वैशिष्ट्य असे की, काड एकमेकांना धरून राहावे म्हणून गाभ्यात वेगळा गोंद मिसळला जात नाही. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाला दाब दिला की काडातीलच लिग्निन हे नैसर्गिक बांधणारे द्रव्य मऊ होते आणि थंड झाल्यावर तेच काड्यांना बांधून ठेवते. गोंद लागतो तो फक्त दोन्ही बाजूंना जाड तपकिरी कागद चिकटवण्यासाठी.

आमच्या घरातील पॅनेलवर कोणत्याही कंपनीचा शिक्का सापडला नाही, त्यामुळे पुढील अनुभव मी कुणा एका उत्पादकाच्या खात्यावर मांडत नाही. विजेचा एक बोर्ड सरकवण्यासाठी भिंतीत चौकोन कापला, तेव्हा आतला छेद नीट पाहता आला. सुमारे ५८ मिलिमीटर जाडी, दोन्ही अंगांना जाड कागद, त्यावर गिलाव्याचा पातळ हात, आणि मध्ये काड इतके ठासून भरलेले की नखाने एकही काडी सहज ओढून निघेना. रंग मात्र नुकत्याच कापणी झालेल्या शेतासारखा टवटवीत होता. चाळीस-पन्नास वर्षे बंद राहिलेल्या वस्तूला कुबट वास येईल असे वाटले होते, पण वास आला तो कोरड्या गवताचा. काड्या पॅनेलच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे उभ्या भिंतीत आडव्या, थरावर थर अशा पडलेल्या दिसल्या. यंत्रात काड मागून दट्ट्याने ठोकत ठोकत पुढे ढकलले जाते, म्हणून ही रचना होते.

भार न पेलण्याचे मूळ पुष्कळसे याच रचनेत आहे. वरून येणारा दाब उभ्या दिशेने खाली जातो आणि त्याच्या वाटेत तंतू मात्र आडवे पडलेले असतात. लाकडाचा खांब भार घेतो तो त्याचे तंतू उभे असतात म्हणून. तोच ओंडका आडवा ठेवून वरून दाबला तर तो कितीतरी लवकर चेपतो. काडाच्या गाभ्याचे तसेच आहे. पॅनेलला वाकण्याविरुद्ध जो कणखरपणा येतो, त्यात बाहेरच्या कागदाचा वाटा मोठा असतो, आणि कागद ताण चांगला घेत असला तरी दाबाखाली तो सुरकुततो. त्यात भर म्हणजे सडपातळपणा. २४०० मिलिमीटर उंचीला ५८ मिलिमीटर जाडी म्हणजे उंची जाडीच्या ४१ पटींहून अधिक झाली. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीसाठी ब्रिटिश आणि युरोपीय संहितांत हे गुणोत्तर, तेही वर-खालच्या आधारांचा विचार करून ठरवलेली उंची धरून, २७ च्या पुढे जाऊ देत नाहीत. वीट काडापेक्षा कितीतरी कडक असूनही तिच्यावर हे बंधन आहे. इतकी बारीक भिंत चिरडण्याआधीच मध्यभागी बाक येऊन निकामी होईल. शिवाय वनस्पतिजन्य पदार्थ सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे हळूहळू दबत जातात आणि हवेतील दमटपणा वाढला की ही क्रिया वाढते. आज भार पेलला म्हणून तीस वर्षांनीही पेलेल, अशी खात्री अशा गाभ्याविषयी देता येत नाही.

कोकणातील कुडाचे घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे छपराचा भार मेढींवर, म्हणजे लाकडी खांबांवर, असतो. कारवीचा कूड शेणामातीने लिंपून नुसता आडोसा केलेला असतो. इंग्लंडमधल्या या पॅनेलचे काम कुडाचेच आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की घराच्या मेढी कुठे आहेत?

त्यासाठी भिंतीवर टकटक करून उपयोग नाही. आवाजावरून भिंत कशाची आहे ते कळते, तिच्यावर काय टेकले आहे ते कळत नाही. पोकळ प्लास्टरबोर्ड ढोलासारखा वाजतो, मध्ये पुठ्ठ्याची जाळी असलेली त्या काळातील दुसरी पॅनेलही पोकळच वाजतात आणि काडाचे पॅनेल मात्र बद्द, भरीव वाजते. हा भरीव आवाज ऐकूनच अनेकांची समजूत होते की भिंत भक्कम आहे, म्हणजे भार घेत असणार. आमच्याकडे आलेल्या एका बिल्डरचा तर्क नेमका उलटा होता. काड दिसताच त्याने ‘हे तर गवत आहे, दुपारपर्यंत उतरवून देतो’ असे सांगून टाकले. दोन्ही तर्कांत भिंतीकडे पाहिले जाते, भिंतीच्या वर कोणी पाहत नाही.

वर पाहायचे म्हणजे आधी माळ्यावर चढायचे. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ब्रिटनमध्ये कारखान्यात तयार झालेल्या लाकडी कैच्या (त्रिकोणी सांगाडे) छपरासाठी वापरल्या जाऊ लागल्या, ज्यांचे सांधे दातेरी लोखंडी पत्र्यांनी जोडलेले असतात. अशी कैची एका बाहेरच्या भिंतीवरून थेट दुसऱ्या बाहेरच्या भिंतीवर टेकते आणि तिला सहसा मध्ये आधार लागत नाही. आमच्या माळ्यावर अशाच कैच्या सुमारे ६०० मिलिमीटर अंतराने होत्या आणि त्यांचे खालचे दांडे काडाच्या भिंतींवरून अखंड पुढे गेलेले होते. त्यामुळे वरच्या मजल्यावरील झोपण्याच्या खोल्यांमधील भिंतींचा प्रश्न तिथेच मिटला. त्याआधीच्या पद्धतीचे, जागेवर कापून केलेले छप्पर असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. तिथे आडव्या तुळईला आधार देणारे तिरके टेकू अनेकदा आतल्या भिंतीवर उतरवलेले असतात आणि छताचे वासेही एखाद्या भिंतीवर दोन तुकड्यांत येऊन एकमेकांना चिकटून टेकवलेले असतात. असे चिकटवलेले, म्हणजे एकाशेजारी एक ठेवून खिळलेले वासे दिसले, की त्यांच्या बरोबर खालची जागा भार घेते, मग ती भिंत बाहेरून कशाचीही दिसो. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर ती कशावर बसवली आहे तेही पाहावे. भरलेली २०० लिटरची टाकी म्हणजे पाण्याचेच २०० किलो होतात.

तळमजल्यावर काम अधिक कठीण, कारण वरच्या मजल्याचे जॉइस्ट, म्हणजे जमिनीच्या फळ्या पेलणारे आडवे लाकडी दांडे, दिसत नाहीत. वरच्या खोलीतील गालिचा उचलून फळ्यांवरील खिळ्यांच्या रांगा पाहिल्या की दिशा कळते : खिळ्यांची रांग जॉइस्टच्या लांबीने जाते आणि फळ्या त्याला काटकोनात असतात. जॉइस्ट भिंतीला समांतर असतील तर ती भिंत भार घेत नसण्याची शक्यता बरीच. काटकोनात येऊन तिच्यावर संपत असतील, तर थांबावे. आम्हाला स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांमधली जी भिंत काढायची होती, तिथे जॉइस्ट समांतर होते. बिल्डरच्या दृष्टीने विषय संपला होता.

आमच्या दृष्टीने तो संपला नाही, आणि याचे सर्व श्रेय आम्ही बोलावलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आहे. त्यांनी भिंतीच्या जिन्याकडच्या टोकाला, दाराच्या चौकटीपासून वीतभर अंतरावर, गिलाव्याचा छोटा तुकडा काढायला सांगितला. काडाचे पॅनेल तिथे संपत होते आणि त्याला लागून, त्याच कागदी पट्टीखाली व त्याच रंगाखाली झाकलेला, सुमारे १०० मिलिमीटर चौरस लाकडी खांब उभा होता. जिन्यासाठी वरच्या जमिनीत जे चौकोनी तोंड ठेवलेले असते, त्याच्या कडेच्या तुळईचे एक टोक त्या खांबावर टेकले होते. कापलेले जॉइस्ट त्या तुळईत आणि तुळई खांबावर, असा तो प्रवास होता. बाहेरून पाहता खांब आणि पॅनेल यांत तसूभरही फरक दिसत नव्हता. दुपारपर्यंत उतरवण्याच्या भरात तोही निघाला असता, तर वरच्या जिन्याच्या कडेची जमीन खाली आली असती. शेवटी खांब जागेवर ठेवून उरलेली भिंत काढली. इंजिनिअरला दिलेले पैसे या घरावर झालेल्या खर्चांपैकी सर्वांत सार्थकी लागलेले आहेत, असे माझे मत आहे.

त्यांनीच दाखवलेली आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. मूळ आराखड्यात भार न घेणारी भिंत कालांतराने भार घेऊ लागू शकते. जॉइस्ट वर्षानुवर्षे थोडे वाकतात, वर कुणी जड कपाटे किंवा पुस्तकांची मांडणी करतो, आणि छत हळूहळू खालच्या भिंतीच्या माथ्यावर टेकते. अशा वेळी भिंत काढल्याबरोबर छताला तडे जातात किंवा वरचे दार चौकटीत अडकू लागते. म्हणून पॅनेलच्या माथ्यावरील लाकडी पट्टी दबली आहे का, पॅनेलच्या वरच्या कडेचा कागद फुगून सुरकुतला आहे का, हे पाहूनच काम सुरू करावे, आणि शंका असल्यास तात्पुरते टेकू लावावेत.

उलट बाजूही लक्षात घ्यायला हवी : या भिंतीचा स्वतःचा भार घरावर फार कमी पडतो. चौरस मीटरला साधारण २० किलो धरले, तर २.४ मीटर उंच भिंतीचे वजन मीटर लांबीला ५० किलोच्या आसपास येते. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली अर्ध्या विटेची भिंत याच्या दहापट तरी भरेल. म्हणूनच वरच्या मजल्यावर, खाली भिंत नसतानाही, ही पॅनेल थेट लाकडी जमिनीवर उभी करता येत होती आणि त्या काळातील बिल्डरांना ती आवडत होती. खाली एक लाकडी पट्टी, वर एक पट्टी, पॅनेल उभे करायचे, सांध्यांवर पट्टी चिकटवायची, वर गिलाव्याचा हात. भिंत तयार.

पाडण्याच्या परवानगीविषयी थोडक्यात. इंग्लंडमध्ये भार घेणारी भिंत किंवा खांब काढायचा असेल, तर बिल्डिंग रेग्युलेशन्सखाली स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या यंत्रणेला, कळवून मंजुरी घ्यावी लागते. शेजाऱ्यासोबतच्या सामाईक भिंतीत नवी तुळई घालायची झाल्यास १९९६ चा पार्टी वॉल कायदा लागू होतो. भार न घेणाऱ्या भिंतीला सहसा एवढा खटाटोप नसतो, पण जिन्याभोवतीची भिंत आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट सुरक्षित ठेवत असेल, तर ती हलकी आहे म्हणून वाटेल तशी काढता येत नाही. दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची. त्या काळात भिंती आणि छतांवर नक्षीदार जाड लेप देण्याची पद्धत होती आणि त्या लेपांत अनेकदा ॲस्बेस्टॉस असे, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. त्यामुळे असा लेप असल्यास नमुना तपासून घेतल्याशिवाय पॅनेलला करवत लावू नये.

आता राहण्याच्या दृष्टीने ही भिंत कशी आहे ते सांगतो. आवाज अडवण्यात ती साध्या पोकळ भिंतीपेक्षा सरस आहे. शेजारच्या खोलीतील बोलणे दबून येते, शब्द कळत नाहीत. आगीच्या बाबतीत काडाचे नाव ऐकून जी भीती वाटते ती फारशी खरी नाही. गाभा इतका दाटून भरलेला असतो की आत हवेला वाव नसतो, त्यामुळे पृष्ठभाग जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या भागाला काही काळ वाचवतो. सुटे काड आणि दाबलेले काड यांत हा फरक आहे.

वस्तू टांगण्यात मात्र संयम लागतो. फोटोची चौकट, हलका आरसा, कपड्यांचे दोन-चार हूक यांना लाकडासाठीचे जाड आट्यांचे स्क्रू पुरतात. तेच स्क्रू दोनदा काढून पुन्हा बसवले की भोक सैल होते, आणि कागद एकदा फाटला की तिथली पकड गेली. भिंतीवरच्या स्वयंपाकघरातील कपाटांसाठी आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला पट्टी द्यावी, किंवा आधी जमिनीपासून छतापर्यंत लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर कपाट बसवावे. वजन भिंतीवर टाकण्यापेक्षा जमिनीवर उतरवणे केव्हाही बरे.

या वस्तूचा खरा शत्रू पाणी. कोरडे राहिले तर हे काड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पाणी झिरपत राहिले तर फुगते, कागद सुटतो, बुरशी येते आणि गाभ्याचा भुसा होतो. ब्रिटनमध्ये सपाट छपरांखालीही काडाचे तक्ते घातले गेले होते आणि वरचे डांबरी आवरण गळू लागल्यावर किंवा आत वाफ साचल्यावर ते कुजले, म्हणून घराची पाहणी करणारे सर्व्हेअर असे छप्पर दिसले की सावध होतात. आमच्या न्हाणीघरात नळाच्या बारीक गळतीने पॅनेलचा पायथा हातभर उंचीपर्यंत मऊ झाला होता. तेवढा भाग कापून टाकावा लागला. काडाच्या भिंतीमागून पाण्याचे पाइप नेणे ही कल्पनाच मुळात वाईट आहे.

मग काडाची भिंत भार घेऊच शकत नाही का? घेऊ शकते, पण ती वेगळी वस्तू आहे. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काडाचे गठ्ठे विटांसारखे रचून त्यांवरच छप्पर टेकवले जात असे. तिथल्या आर्थर गावातील १९२८ चे गठ्ठ्यांचे चर्च प्रसिद्ध आहे. तिथे जाडी हातभराहून अधिक असते आणि दोन्ही बाजूंचा जाड गिलावा भाराचा मोठा हिस्सा घेतो. आजच्या काळात ब्रिटनमधील मॉडसेल आणि युरोपातील इकोकोकॉन या कंपन्या कारखान्यात तयार झालेली काडाची भिंत देतात. मॉडसेलची पॅनेल वापरून बाथ विद्यापीठात २००९ मध्ये प्रायोगिक घर उभे राहिले. इकोकोकॉनची भिंत सुमारे ४०० मिलिमीटर जाड असते आणि ती खरोखर भार घेते. पण या दोन्हींत भार घेते ती लाकडी चौकट. काड मुख्यतः उष्णता आणि आवाज अडवते. अमेरिकेत काडाच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी चिपांचे कडक तक्ते चिकटवलेली पॅनेलही भार घेण्यासाठी वापरली गेली आहेत, आणि तिथे काम करतात ते बाहेरचे तक्ते. विक्रेता ‘आमचे काडाचे पॅनेल लोड बेअरिंग आहे’ असे म्हणाला, तर त्यातला कोणता भाग भार घेतो, असे त्याला थेट विचारावे.

भारतात स्ट्रॉक्चर इको ही कंपनी दाबलेल्या काडाची पॅनेल बनवते, आणि पंजाब-हरियाणात शेतातच जाळल्या जाणाऱ्या पेंढ्याला असा उपयोग मिळत असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे. महाराष्ट्रात आरसीसीच्या सांगाड्यात चार इंची विटांच्या भिंतीऐवजी आतल्या खोल्यांसाठी ही पॅनेल वापरणे तत्त्वतः अगदी योग्य आहे, कारण तिथे भार कॉलम-बीमवर असतो आणि भिंतीला कुडाचेच काम असते. माझी शंका दोन गोष्टींपुरती आहे : कोकणातील चार महिन्यांचा पावसाळी दमटपणा आणि वाळवी. इंग्लंडमधील आमच्या पॅनेलना वाळवीचा सामना कधी करावा लागलेला नाही. पुण्या-नाशिकच्या कोरड्या भागात, जमिनीपासून दोन-तीन इंच उंच काँक्रीटच्या पट्टीवर उभी केलेली आणि न्हाणीघरापासून दूर ठेवलेली अशी भिंत मी स्वतःच्या घरात घेईन. रत्नागिरीत घेण्याआधी विक्रेत्याकडून वाळवीवरील प्रक्रियेचा लेखी तपशील मागेन.